कार्ड सुनेचं, तिकीट सासूबाईंचं: दोन पीएनआर आणि एक प्रवास

प्रवास मुंबई ते शिकागो, वाटेत युरोपातल्या एका मोठ्या विमानतळावर विमान बदलायचं. प्रवासी दोघी. सूनबाई शिकागोत नोकरीला, पासपोर्ट अमेरिकेचा, महिन्यातले निम्मे दिवस विमानात, त्यामुळे हातात स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या युतीचं गोल्ड कार्ड. सासूबाई ठाण्याच्या, सत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्यांनी जेरीला आलेल्या. त्यांचा पासपोर्ट भारतीय, त्यावर अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा. सुनेने लग्नानंतर माहेरचंच आडनाव ठेवलेलं, म्हणजे कागदोपत्री दोघींचा काही संबंध नाही. ओळख पटेल असे बाकीचे तपशील गाळले आहेत आणि विमान कंपनीचं नावही दिलेलं नाही.

या घराची तिकिटं बरीच वर्षं मी बघतो. मुलाचा शिकागोहून फोन आला तो असा: "हिच्याकडे गोल्ड आहे, मग आईला सगळं मिळेलच ना?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला जातो की त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावं म्हणून हे प्रकरण निवडलं. एअर इंडिया जुलै 2014 मध्ये स्टार अलायन्समध्ये आली. आता तिच्या महाराजा क्लब या नियमित प्रवाशांच्या योजनेचं गोल्ड कार्डही युतीभर चालतं. तेव्हा असं कार्ड बाळगायला परदेशात राहावं लागतं असंही नाही.

तिकिटं वेगळी का निघाली

सूनबाई पुण्याच्या ऑफिसात कामासाठी आल्या होत्या. त्यांचं जाण्यायेण्याचं तिकीट कंपनीने काढलं, कंपनीच्याच बुकिंग पोर्टलवरून. त्या पोर्टलवर घरचा माणूस घालता येत नाही. सासूबाईंचं तिकीट सुनेच्या खात्यातल्या माइल्सवर, म्हणजे विमानप्रवासाने साठलेल्या गुणांवर काढलं, कारण ऐन हंगामात रोख भाडं परवडणारं नव्हतं. तारीख एक, विमानं तीच, पण पीएनआर दोन.

इथे बहुतेकांचा पहिला गैरसमज होतो. "नंतर फोन करून दोन्ही बुकिंग एकत्र करून घेऊ" असं त्यांना वाटतं. एका पीएनआरमधले प्रवासी वेगळे काढता येतात, पण दोन वेगळे पीएनआर एकत्र शिवता येत नाहीत. फार तर दोन्हींत एकमेकांचा उल्लेख करणारा शेरा टाकता येतो. तिकिटांच्या भाषेत त्याला टीसीपी म्हणतात, 'टू कम्प्लीट पार्टी'. या बाई त्या बाईंबरोबर आहेत, त्यांचा पीएनआर अमुक, एवढीच ती माहिती. शेऱ्यामुळे कोणाचा हक्क वाढत नाही. पडद्यासमोर बसलेल्या माणसाने तो वाचला, तर तो दोघींना वेगळं करण्यापूर्वी क्षणभर थांबतो, इतकाच फायदा.

टीसीपी टाकण्यातही एक मेख आहे. एका कंपनीच्या माइल्सवर दुसऱ्या कंपनीच्या विमानाचं तिकीट काढलं, की त्याला बहुधा सहा अक्षरांचे दोन कोड असतात. एक माइल्स देणाऱ्या कंपनीचा, दुसरा प्रत्यक्ष विमान उडवणाऱ्या कंपनीचा. शेरा उपयोगी पडायचा तर तो उडवणाऱ्या कंपनीच्या नोंदीत हवा, म्हणजे फोन करताना तिचाच कोड हातात हवा. सूनबाईंच्या तिकिटावर शेरा चढला. सासूबाईंच्या तिकिटावर "टाकला" असं फोनवर सांगण्यात आलं. पुढे काय झालं ते येईलच.

कोणता फायदा कोणाला चिकटतो

कार्डाच्या फायद्यांची पत्रकं वाचली की सगळं एका रांगेत छापलेलं दिसतं: लाउंज, जादा बॅग, आधी चेक-इन, आधी बोर्डिंग. प्रत्यक्षात प्रत्येकाचा धागा वेगळ्या ठिकाणी बांधलेला असतो. काही फायदे माणसापुरते, काही त्या दिवसाच्या विमानापुरते आणि काही फक्त त्या पीएनआरपुरते.

लाउंज विमानाला बांधलेलं आहे. स्टार अलायन्सच्या गोल्डधारकाला एक पाहुणा नेता येतो. पाहुण्याशी नातं काय, आडनाव काय, तिकीट कोणी काढलं, हे कोणी विचारत नाही. अट एकच, पाहुणा त्याच विमानाने निघणारा हवा. वनवर्ल्ड या दुसऱ्या युतीच्या सफायर आणि एमराल्ड कार्डांना ही अट सैल आहे. तिथे पाहुण्याचं विमान युतीतल्या कंपनीचं असलं की पुरे, तेच विमान असायची गरज नाही. बाप-लेक एकाच संध्याकाळी मुंबईहून दोन दिशांना निघणार असतील तर हा फरक कामाचा आहे.

जादा बॅग मात्र निखळ कार्डधारकाची. वजनावर हिशोब असेल तिथे 20 किलो जास्त, नगावर असेल तिथे एक नग जास्त. सोबतच्याला त्यातलं काही मिळत नाही. अर्थात दोघी एकाच काउंटरवर उभ्या असतील तर सासूबाईंची बॅग सुनेच्या नावावर टाकायला कोण अडवणार? आमच्याकडेही तेच ठरलं. सासूबाईंच्या दोन, सुनेच्या दोन आणि कार्डाची तिसरी, अशा 23 किलोच्या पाच बॅगा. तिसरीत गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, लोणच्याच्या बरण्या आणि सासूबाईंचे गरम कपडे.

यावर माझं एक म्हणणं होतं. टॅग ज्याच्या नावाचा, बॅग त्याची. आत पॉवर बँक राहिली आणि स्कॅनरवर दिसली, तर बोलावणं सुनेला येणार. शिकागोला कस्टमवाल्याने "आत खायचं काय आहे?" विचारलं, तर उत्तर सुनेने द्यायचं. त्यामुळे ती बॅग सूनबाईंनी स्वतः भरली, सासूबाई पलंगावर बसून एकेक जिन्नस पुढे करत होत्या. बियाणं, ताजी फळं, मांसाचं काही नाही. जे आहे ते सगळं जाहीर करायचं. "लोणचं पण सांगायचं? इश्श!" हा सासूबाईंचा शेरा.

आता पीएनआरला बांधलेले फायदे. जागा निवडणं आणि अपग्रेड हे साधारण या गटात येतात. ब्रिटिश एअरवेजच्या सिल्व्हर कार्डावर त्याच बुकिंगमधल्या सगळ्यांना जागा फुकट निवडता येते. युनायटेडमध्ये प्रीमियर गोल्डला पाय पसरायला जास्त जागा असलेली सीट स्वतःसाठी आणि एका सोबत्यासाठी मिळते, प्लॅटिनम आणि त्यावरच्या कार्डांना आठ सोबत्यांपर्यंत, पण सोबती त्याच बुकिंगमध्ये असावे लागतात. बुकिंग वेगळं असेल तर कंपनीच्या यंत्रणेला सोबतीण दिसतच नाही. आपल्याकडे तर नियमातसुद्धा हेच आहे. एप्रिल 2024 मध्ये डीजीसीएने, म्हणजे भारताच्या विमान वाहतूक नियामकाने, बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई, वडील किंवा पालकाशेजारी बसवायला सांगितलं, तेही "त्याच पीएनआरवरच्या" पालकाशेजारी.

एक उद्योग मात्र सासूबाईंच्या भाच्याने सुचवला तो मी हाणून पाडला. सुनेचा फ्रीक्वेंट फ्लायर नंबर सासूबाईंच्या तिकिटात टाकायचा, म्हणजे यंत्रणा त्यांनाही गोल्ड समजेल. नाव आणि नंबर जुळत नाहीत, त्यामुळे बहुतेक वेळा नंबर तिथेच नाकारला जातो. चुकून शिरलाच, तर दुसऱ्याच्या प्रवासावर कार्ड वापरल्याचं निमित्त करून कंपनी खातं गोठवू शकते. वर्षानुवर्षांचे माइल्स असल्या हुशारीपायी पणाला लावायचे कशाला?

व्हीलचेअरचा मान गोल्डच्या वर

सूनबाईंनी कार्डाच्या जोरावर आपल्यासाठी इमर्जन्सी दाराजवळची सीट आधीच धरून ठेवली होती. पाय लांब करता येतात, शेजारी वर्दळ नाही. पण व्हीलचेअर मागितलेल्या प्रवाशाला त्या रांगेत बसवत नाहीत. म्हणजे कार्डाने मिळवलेल्या सगळ्यांत चांगल्या जागेच्या शेजारी सासूबाई बसूच शकत नव्हत्या.

शेजारी-शेजारी जागा मिळाल्या त्या वेगळ्याच दाराने. युरोपात अपंग आणि हालचालीला अडचण असलेल्या प्रवाशांसाठी 2006 चा 1107 क्रमांकाचा नियम आहे. अशा प्रवाशाबरोबर मदतीला कोणी असेल, तर त्या सोबत्याला शेजारची जागा देण्याचा सर्व वाजवी प्रयत्न कंपनीने करायचा आहे. युरोपीय कंपनीच्या विमानाने बाहेरून युरोपात येतानाही हे कलम लागू होतं. त्यात पीएनआर एक असावा असं कुठेही म्हटलेलं नाही. मदतीची मागणी निदान 48 तास आधी नोंदवायची. आम्ही आठवडाभर आधी नोंदवली आणि त्याच फोनवर सोबतीण कोण, तिचा पीएनआर काय, तेही सांगितलं. दोन्ही विमानांत शेजारच्या जागा विनाशुल्क मिळाल्या. सूनबाईंनी दाराजवळची सीट सोडली, जराशा नाराजीनेच.

मुंबईच्या टर्मिनल 2 वरही तोच प्रकार. गोल्डची चेक-इन रांग होती, पण व्हीलचेअरवाला मदतनीस दोघींना इमिग्रेशनपर्यंत त्याच्या ठरलेल्या वाटेने घेऊन गेला. बोर्डिंगला गोल्डच्या गटाच्या आधी व्हीलचेअरवाले आणि त्यांची माणसं आत गेली. लाउंजमध्ये सासूबाईंनी इडली खाल्ली, चहा "पाणचट" म्हणून ठेवून दिला. इथवर कार्डाने दिलं काय, तर एक बॅग आणि एक इडली.

लाउंजच्या दारात कळलं

मुंबईहून विमान तांत्रिक बिघाडामुळे काही तास उशिरा सुटलं. युरोपात उतरेपर्यंत शिकागोचं विमान गेलेलं. उतरल्या-उतरल्या दारातच कर्मचाऱ्याने यादीप्रमाणे नवे बोर्डिंग पास हातात ठेवले. सूनबाईंनी आपला पास पाहिला: संध्याकाळचं विमान, थेट शिकागो. ठीक. पाच-सहा तास काढायचे म्हणून त्या सासूबाईंची खुर्ची ढकलत घेऊन जाणाऱ्या मदतनिसाबरोबर लाउंजकडे गेल्या. स्वागताच्या टेबलावर पहिला पास स्कॅन झाला, हिरवा दिवा. दुसरा पास, तांबडा. "या तुमच्या विमानात नाहीत." सासूबाईंचा पास दुसऱ्या दिवशी दुपारचा होता.

असं का झालं? चुकलेल्या जोडविमानाच्या प्रवाशांची नवी सोय बहुतेक यंत्रणाच लावतात, आणि त्या पीएनआर धरून चालतात. दोन पीएनआर म्हणजे दोन स्वतंत्र कामं. जागा कमी असतील तर भारी भाडं आणि वरचं कार्ड यांना वजन मिळतं. कंपनीने काढलेलं महाग तिकीट आणि गोल्ड एका बाजूला, माइल्सवरचं तिकीट दुसऱ्या बाजूला. नंतर कळलं की टीसीपीचा शेरा सासूबाईंच्या नोंदीत पोचलाच नव्हता. सुनेच्या नोंदीत होता, पण तिची सोय आधीच लागलेली, मग तो वाचणार कोण?

गंमत बघा, कार्डाने आपलं काम चोख केलं होतं. सुनेला पुढे काढलं होतं. त्यामुळेच दोघींची ताटातूट झाली.

खरी अडचण व्हिसाची होती. सूनबाईंच्या अमेरिकी पासपोर्टवर शेंगेन देशांत, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत, थोडे दिवस जायला व्हिसा लागत नाही. त्या विमानतळाबाहेर पडून कंपनीने दिलेल्या हॉटेलात झोपू शकत होत्या. सासूबाईंकडे अमेरिकेचा चालू व्हिसा होता. तेवढ्यावर शेंगेन देशातल्या विमानतळावर आतल्या आत विमान बदलता येतं, एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसा लागत नाही, पण बाहेर पडता येत नाही. म्हणजे जिला रात्र काढायला पलंगाची गरज, तिलाच बाकावर बसवून ठेवायची वेळ. सत्तरीच्या बाई, सुजलेले गुडघे, एकट्या.

काउंटरवर झालेला निर्णय

सूनबाईंचा फोन मला आला तेव्हा त्या ट्रान्सफर काउंटरच्या रांगेत होत्या. संध्याकाळच्या विमानात एकही मोकळी जागा नव्हती. "मग मी पण उद्याच जाते, आईंबरोबर आतच बसते," असं त्यांच्या मनात होतं. भावनेने बरोबर, पण त्यात सासूबाईंची रात्र सुटत नव्हती.

मी सुचवलं ते असं. तुमची संध्याकाळची पक्की जागा आईंना द्यायला सांगा, आईंची उद्याची जागा तुम्ही घ्या, आणि तुमचं नाव आज संध्याकाळच्या स्टँडबायवर, म्हणजे ऐनवेळी जागा उरली तर घ्यायच्या यादीत टाका. स्टार अलायन्सच्या कार्डाचा एक फायदा पत्रकात तळाला छापलेला असतो आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही: विमानतळावरच्या स्टँडबाय यादीत आणि प्रतीक्षा यादीत अग्रक्रम. हा अग्रक्रम सासूबाईंना देता येत नाही. पण जिच्याकडे तो आहे तिने अधांतरी राहावं आणि जिच्याकडे नाही तिने पक्क्या जागेवर बसावं, ही मांडणी तर करता येते. वाईटात वाईट काय होईल? नुसती अदलाबदल. सूनबाई हॉटेलात झोपतील आणि उद्या दुपारी निघतील. त्यांना तो दरवाजा उघडा आहे, सासूबाईंना नाही.

काउंटरवरच्या बाईंना आधी ते पटेना. "तुमची पक्की जागा तुम्ही सोडताय, नंतर परत मागू नका." त्यांनी वरिष्ठांना बोलावलं. सूनबाईंनी तीन गोष्टी सांगितल्या: व्हीलचेअरची नोंद, शेंगेन व्हिसा नसणं, आणि शिकागोला मुलगा घ्यायला येणार. शेवटी वरिष्ठांनी मान डोलावली आणि चार-पाच मिनिटं कीबोर्ड वाजत राहिला. सूनबाईंच्या हातात स्टँडबायची चिठ्ठी आली, तिच्यावर संध्याकाळच्याच विमानाचा क्रमांक. त्या चिठ्ठीवर लाउंजने दोघींना आत घेतलं, हा वरचा बोनस.

सगळ्यांत अवघड काम सासूबाईंना सांगणं.

"अहो आई, तुम्ही आज जाताय. मला जागा मिळाली तर मी आहेच, नाही तर उद्या येते."

"म्हणजे मी एकटी?"

"खुर्चीवाला विमानाच्या दारापर्यंत सोडेल, तिकडचा दारापासून घेऊन बाहेर आणेल. बाहेर तुमचा मुलगा उभा असेल."

"तो उभा असेल यावर तू कधीपासून विश्वास ठेवायला लागलीस गं?"

पर्समध्ये औषधं, चष्मा, मुलाचा पत्ता-फोन आणि किती दिवस राहणार हे लिहिलेलं इंग्रजी पत्र निघतानाच ठेवलेलं होतं. दोघी शेवटपर्यंत शेजारीच बसणार असं धरून चाललो असतो, तर ते पत्र सुनेच्या लॅपटॉप बॅगेत असतं. दोन पीएनआर आहेत ना, मग प्रत्येकीची पिशवी एकटीने प्रवास करायला तयार हवी, हा माझा जुना हट्ट.

सूनबाईंचं नाव यादीत पहिलं होतं, तरी विमान खच्चून भरून गेलं. त्या हॉटेलात राहिल्या, दुसऱ्या दिवशी दुपारी निघाल्या. सासूबाई आदल्या रात्री शिकागोला पोचल्या, त्यांच्या नावाच्या दोन बॅगांसह. सुनेच्या नावाच्या तीन बॅगा दुसऱ्या दिवशी आल्या, त्यातच सासूबाईंचे स्वेटर आणि शाल. पहिली रात्र त्यांनी मुलाचं जाकीट घालून काढली. फुकटची तिसरी बॅग वाटून घ्यायची असेल, तर तिच्यात पहिल्या दिवशी लागणारं काही ठेवू नये, ही यातून माझ्या यादीत गेलेली नवी ओळ.

भरपाईचं काय

मुलाने लगेच 600 युरोचा विषय काढला, तेही दोघींचे मिळून 1200. युरोपच्या 2004 च्या 261 क्रमांकाच्या नियमाने उशिराची भरपाई मिळते हे खरं. पण 2022 मध्ये युरोपीय न्यायालयाने मोल्डोव्हातल्या किशिनेव्हहून व्हिएन्नामार्गे बँकॉकला जाणाऱ्या प्रवासावर निकाल दिला: एकाच बुकिंगवरच्या प्रवासाची सुरुवात आणि शेवट दोन्ही युरोपीय संघाबाहेर असतील आणि संघात फक्त विमान बदललं असेल, तर कंपनी युरोपीय असली तरी तो नियम लागू होत नाही. मुंबई-शिकागो तसंच. त्यामुळे तो दावा मी केलाच नाही. हॉटेल, जेवण कंपनीने दिलं होतं, सासूबाईंसाठी घ्याव्या लागलेल्या गरम कपड्यांची पावती जोडून एक साधा अर्ज केला, त्याचे पैसे आले.

पुन्हा अशी वेळ आली तर

सूनबाईंनी नंतर कंपनीत विचारलं तेव्हा कळलं की पोर्टलवर घरचा माणूस घालता येत नसला, तरी पोर्टलमागच्या ट्रॅव्हल एजन्सीला फोन केला, तर स्वखर्चाने सोबती त्याच पीएनआरवर घेता येतो. सगळ्या कंपन्या हे देत नाहीत, पण विचारायला पैसे पडत नाहीत. माइल्स वाचले असते की रोख रक्कम, हा घरातला वाद अजून चालू आहे. माझं मत विचाराल तर तरुण जोडप्याला मी बिनदिक्कत दोन पीएनआरवर पाठवीन. लाउंजमध्ये दोघं जातील, बॅग वाटून घेतील, विमान चुकलं तर फोनवर भांडतील आणि पोचतील. व्हीलचेअर, वेगळा पासपोर्ट किंवा लहान मूल यातलं काही असेल तर जास्त पैसे टाकून एकच पीएनआर घ्यावा.

सासूबाईंची परत यायची तारीख ठरली तेव्हा सूनबाई कामात, मुलगा कामात, सोबत कोणीच नाही. युरोपमार्गे पुन्हा नको, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. शिकागोहून दिल्ली थेट आणि पुढे मुंबई, एकाच तिकिटावर, व्हीलचेअर दोन्हीकडे नोंदवलेली. जादा बॅग या वेळी पैसे भरून घेतली. लाउंज नव्हतं, त्याबद्दल त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. "खुर्चीवाला पक्का सांगितलास ना?" एवढंच तीनदा विचारलं.